दुकानाचा हात

आधी पुसण्याबद्दल सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

आमचं दुकान मोठं. वरच्या मजल्यांवर कपडे, बूट-चपला, खेळणी; खाली तळघरात बादल्या, मॉप, पायपुसणी. आणि तळमजल्यावर, दारातून शिरल्याबरोबर, आमचा क्रीमचा काउंटर. दुकानातले चांगले दिवे, मोठे आरसे आणि सगळा सुवास आमच्या वाट्याला आलेला, त्यामुळे बाकीच्या मजल्यांवरच्या बायका आम्हाला पाण्यात पाहायच्या. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की मी म्हणायची, "बसा ना. तुमच्या त्वचेत पाणी किती आहे ते बघून सांगते. फुकट आहे." फुकट म्हटलं की माणूस बसतो. मग मी हात उताणा धरायची, कापसाच्या बोळ्यानं एक जागा पुसायची, "धूळ असते हं, जरा स्वच्छ करते," असं म्हणायची आणि त्या जागेवर पेन टेकवायची.

पेन म्हणजे कंपनीनं दिलेलं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, ते आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात बसलं नाही. जाडसर पेनासारखं दिसायचं, टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चकती. चकती कातडीवर दाबली की ते कातडीच्या अगदी वरच्या थरात ओलावा किती आहे ते ओळखतं. टुक असा आवाज येतो आणि आकडा उमटतो. आकड्याशेजारी एक थेंब. निळा थेंब म्हणजे छान, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे कोरडी.

आणि बोळ्याला असायचं स्पिरिट. स्पिरिटनं पुसलं की नदीतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचाही थेंब लाल येईल. मग त्याच जागी आमचं क्रीम चोळायचं, पुन्हा टुक, आणि निळा थेंब. गिऱ्हाइकाचे डोळे मोठे व्हायचे. बरोबर आलेली मैत्रीण म्हणायची, "माझाही बघा ना हो." मला याची लाज वाटायची का? मुळीच नाही. क्रीम चांगलंच होतं, गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि शिकवायला आलेल्या कंपनीच्या बाईनं याला 'पूर्वतयारी' असं गोड नाव दिलं होतं.

गिऱ्हाइकांचं हे असं. पण यंत्र स्वतः ठीक आहे की नाही, हे बघायला मात्र कंपनीला खरा हात लागायचा. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एकाच माणसाचा, एकाच जागी, न पुसता, न धुता, क्रीम न लावता हात मोजायचा. आधी बाही वर करून थोडा वेळ गप्प बसायचं, घाम नको, धावत आलेलं नको, पंख्याचा वारा नको. रोजचा आकडा जवळपास सारखा आला म्हणजे यंत्र शहाणं आहे. हा हात माझा होता. डावा, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. ऊन असो, थंडी असो, आकडा बेचाळीसच्या आगेमागे. सगळे त्याला 'दुकानाचा हात' म्हणायचे, आणि मी उगाच नाही म्हणत, मला त्याचा अभिमान होता. घरीसुद्धा त्या हाताला मी साबण जपून लावायची, क्रीम तर कधीच नाही.

"उजवा तुझा आणि डावा दुकानाचा," नवरा म्हणायचा. "मग डाव्या हाताला जेवायलाही दुकानानंच घालावं."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर बंद पडलेल्या खोक्यांत उभा असतो, म्हणून घरी आल्यावर त्याला विनोद सुचतात.

अभिमानाचं दुसरंही कारण होतं, आणि ते पोटाचं होतं. चाळिशी उलटलेली बाई सुरकुत्यांचं क्रीम विकते, हे आमच्या साहेबांना बघवत नसे. साहेब म्हणजे दुकानाचे व्यवस्थापक. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. काउंटरवरच्या बाईच्या डोळ्यांखाली जाळी दिसायला लागली की ते तिला बोलावून म्हणायचे, "तळघरात जरा निवांत आहे हो, तुम्हाला बरं पडेल." निवांत म्हणजे बादल्यांच्या चळती उचलायच्या, मॉपचे गठ्ठे ओढायचे, दिवसभर खिडकी नाही आणि अंगाला रबराचा वास. माझ्या बरोबरीच्या सगळ्या एकेक करून खाली गेल्या. मी वर राहिले, ती या हाताच्या जोरावर.

आणि तोच हात घसरायला लागला.

पहिल्यांदा सदतीस आला, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मग तेहतीस. मग पिवळा थेंब, आणि एका सकाळी लाल. मी मैनाकडे बघितलं. मैना माझी जोडीदारीण. तोंड कधी बंद नसायचं म्हणून तिला ते नाव पडलेलं.

"कुणी पुसलं?" मी विचारलं.

"काय?"

"माझा हात. तुझ्या बोटांना स्पिरिट होतं का?"

"ताई, सकाळपासून बाटलीचं झाकण उघडलेलं नाही. हे बघ, वास घे." तिनं दहाही बोटं माझ्या नाकासमोर नाचवली.

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, हिलाच माझ्या जागी बसायचंय. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं पेन धरलं. लाल. आता हे लक्षात घ्या, कारण अशी चूक आमच्यासारख्याच करू शकतात. आमच्या लेखी लाल थेंब म्हणजे पुसलेला हात. वर्षानुवर्षं आम्ही दुसरा लाल थेंब बघितलाच नव्हता. न पुसता लाल येतो म्हणजे एक तर कुणीतरी लबाडी करतंय किंवा यंत्र बिघडलंय. हाताच्या मालकिणीला काही झालं असेल हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "सेन्सर गेला असणार. आकडा असा एकदम पडला की समजायचं, सेन्सर. माझ्या आयुष्यात दुसरं काही निघालेलं नाही."

पेन कंपनीकडे गेलं, नवं पेन आलं. मैनाच्या हातावर निळा, पहारेकऱ्याच्या हातावर पिवळा, आणि माझ्या हातावर लाल. अठरा. साहेबांनी माझ्या हाताकडे बघून नाक मुरडलं.

"यंत्र ठीक आहे म्हणजे हातच बिघडला," ते म्हणाले. "आता काय करायचं? उद्यापासून मैनाचा हात लावू. आणि ताई, तुमचं... बघू. खाली एक जागा आहे, तिकडे जरा निवांत आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी डबा उघडला तो तसाच बंद केला. जेवण तसंही जात नव्हतं, सगळ्याला धातूची चव लागायची. पण ती मी काळजीची चव समजले.

मला वाचवलं ते एका गिऱ्हाइकानं. नाकाची तिखट बाई होती. मी तिचा हात पुसला, तिनं तो हात उचलून हुंगला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे स्पिरिट आहे! यानं कुणाचीही कातडी कोरडी पडेल. लबाड कुठले!" आजूबाजूच्या चार बायका उठून गेल्या. एकीनं घेतलेली बरणी परत ठेवली. साहेब धावत आले, घाम पुसत माफी मागितली, आणि मागताना त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर पडली. त्या नजरेत मला तेव्हा देव दिसला होता. आज विचाराल तर सांगते काय दिसतं ते.

"बसा बाई, एक मिनिट बसा," ते म्हणाले. "आमच्याच बाईंचा हात बघा. हुंगून बघा. काही लावलेलं नाही, पुसलेलं नाही."

बाईनं माझा हात हुंगला. पेन टेकवलं, टुक, लाल. क्रीम चोळलं, टुक, निळा. बाई दोन बरण्या घेऊन गेली.

तेव्हापासून तळघराचं नाव निघालं नाही. काउंटरवर एक उंच स्टूल आलं, ते माझ्यासाठी. साहेब मला नावाजायला लागले. "ताई म्हणजे आपला खरेपणा," असं त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर सांगितलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं उभी राहून विकलं तेव्हा कुणी बसायला दिलं नव्हतं, आणि आता आकडा पडला तर स्टूल. बोळ्याची गरज उरली नाही. सकाळी मैनाच्या हातानं यंत्र तपासायचं आणि दिवसभर माझ्या हातानं विकायचं, दर वेळी हातावरची नवी जागा धरून.

कंपनीची बाई पुन्हा आली ती हे आश्चर्य बघायला. या वेळी तिच्याकडे नवं यंत्र होतं, आखूड नळीसारखं. ते कातडीवर नुसतं ठेवायचं आणि हलायचं नाही. कातडीतून पाणी उडून किती जातं ते त्यात कळतं. पण वाऱ्याची झुळूक आली तरी त्याचा आकडा नाचतो, आणि आमच्या काउंटरवर एसीचा झोत थेट डोक्यावर. बाईनं वरून बुटाचं रिकामं खोकं मागवलं, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडली, त्यातून माझा हात आत घातला आणि सगळ्यांना सांगितलं, "श्वाससुद्धा तिकडे तोंड करून घ्या." साहेब, मैना, पहारेकरी, सगळे तोंडं फिरवून उभे. खोक्यात माझा हात, बाहेर मी. मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी हाताला खाज सुटली होती. हलायचं नव्हतं म्हणून मी दात आवळून बसले. ती खाज मला तोवर रोजची झाली होती. पाठीवर, पोटऱ्यांवर, झोपेत ओरबाडून रक्त निघेपर्यंत.

"बापरे," बाई आकडा बघून म्हणाली. "तुमच्या कातडीतून पाणी नुसतं उडून चाललंय. पाणी प्या हो, भरपूर पाणी प्या. दोन बाटल्या पीत असाल तर चार प्या. आतून भरलं की बाहेर दिसेल."

हे वाक्य माझंच होतं. मीच दिवसातून शंभरदा गिऱ्हाइकांना सांगायची. बरणीबरोबर फुकट मिळणारा सल्ला. तेव्हा तो मला खरा का वाटू नये?

मी प्यायला लागले. नवऱ्यानं मनावर घेतलं. सकाळी तो स्वतः बाटल्या भरून पिशवीत घालायचा आणि संध्याकाळी त्या रिकाम्या आहेत ना ते बघायचा. एखादी उरली तर म्हणायचा, "अगं, स्वतःच्या अंगाची एवढी तरी काळजी घे. पाण्याला काही कष्ट पडतात का?" इतक्या मायेनं कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नव्हतं, म्हणून मी उरलेली बाटली त्याच्यासमोर उभ्यानं संपवायची. आता तो त्या बाटल्यांचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो. मी त्याला काही म्हणत नाही. त्याला दोष देऊन माझ्या पदरात काय पडणार आहे?

पाय सुजायला लागले. उभं राहणाऱ्या बाईचे पाय सुजतातच. आमच्यात कुणाचे सुजत नाहीत? त्यासाठी काउंटरच्या खणात गोळ्या होत्या, दुखण्यावरच्या. आम्ही सगळ्याच खायचो, मी जरा जास्त. कमरेला एक, पायाला एक, डोकं चढलं तर आणखी एक. मग चपला होईनात. मग सकाळी तोंड सुजलेलं असायचं. मोठ्या आरशात मला ते दिसायचं, आणि खरं सांगू, मला बरं वाटायचं. सुरकुत्या भरून आल्या होत्या. मी स्वतःशी म्हणाले, पाणी लागू पडलं.

मैनाला मात्र बरं वाटलं नाही.

"ताई, डॉक्टरला दाखव," ती एकदा म्हणाली. "तुझं तोंड भाकरीसारखं फुगलंय आणि हात बघ, लाकूड. एवढं पाणी पितेस आणि बाथरूमला तर जातच नाहीस. मी बघते ना."

"तू माझं बाथरूमही बघतेस?"

"तुझ्यावर बघायला दुसरं काय उरलंय? दिवसभर तुझा हातच बघतात सगळे."

मला राग आला. मला वाटलं, हिला माझं स्टूल हवंय. तरी मी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. वर्षाचा मोठा सेल तोंडावर होता. साहेब म्हणाले, "सेल होऊन जाऊ दे ताई. तुमच्याशिवाय काउंटरचं काय होईल? आणि दाखवायचं काय, कातडी कोरडी आहे म्हणून? आपल्याकडे क्रीम आहे की!" ते हसले. मीही हसले. अशा जागी हसण्यावाचून दुसरं काय करता येतं ते मला आजही सुचलेलं नाही.

सेलच्या गर्दीत, पेन हातावर असताना, मला श्वास पुरेना. छातीत कुणीतरी ओलं पोतं ठेवावं तसं झालं. समोर बायकांचा घोळका होता. मला आठवतं ते एवढंच, की टुक झालं, आणि कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, आठ!" मग मी स्टुलावरून खाली आले.

हॉस्पिटलात डॉक्टरीण माझ्यापेक्षा वयानं लहान होती. तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे बघत बसली, मीही बघत बसले.

"पाणी किती पिता?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तोऱ्यात सांगितलं. नवऱ्यानं मागून पुस्ती जोडली, "मी स्वतः भरून देतो, डॉक्टर."

तिनं पेन खाली ठेवलं. तिचं लिहायचं पेन. मग तिनं सांगितलं की माझी दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. बरेच दिवस हळूहळू बंद पडत होती. त्या गोळ्यांमुळे असेल, वाढलेल्या आणि कधी न मोजलेल्या रक्तदाबामुळे असेल, दोन्हींमुळे असेल. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून ते पायात, तोंडावर आणि शेवटी फुप्फुसात साचलं. अंगभर पाणी, आणि वरची कातडी सुकलेली. या आजारात कातडी अशी सुकते, खाज सुटते, तोंडाला धातूची चव येते.

"कातडी कधीपासून कोरडी पडली?" तिनं विचारलं. "लवकर कळलं असतं तर काहीतरी वाचवता आलं असतं. कुणाला दाखवली नाही का?"

"दाखवली ना," मी म्हणाले. "रोज. दिवसातून वीसदा. लोक रांग लावून बघायचे."

तिला वाटलं मला भ्रम झालाय. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बुटाच्या खोक्यासाठी सगळे उभे राहिले होते ना, तसाच.

तेव्हापासून एक दिवसाआड मी यंत्राला जोडलेली असते. हे यंत्र खरं, ते रक्त बाहेर घेतं, धुतं आणि परत देतं. आधी मानेत नळी होती. मग डाव्या हातावर ऑपरेशन केलं, एक रक्तवाहिनी दुसरीला जोडली, म्हणजे ती फुगून सुईला जागा होते. डावाच का, म्हणाल तर उजव्यानं जेवायचं, लिहायचं असतं. डावा मोकळा असतो. हो, किती मोकळा होता ते मलाच ठाऊक. आता त्या हातात सतत थरथर असते, कातडीखाली मांजर बसल्यासारखी. रात्री नवरा तिथं कान लावतो आणि चालू आहे म्हणतो. लिफ्टला लावतो तसाच कान. त्या हातावर दाब नको, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, घड्याळ घालायचं नाही, वजन उचलायचं नाही. असं नर्सनं मला तीनदा बजावलं.

आणि पाणी. दिवसाला एक लहान बाटली, चहा-औषध धरून. तहान म्हणजे काय ते मला या वयात कळलं. मी बर्फाचा खडा गालात धरते आणि तो विरघळू नये म्हणून बोलत नाही. नळ सोडलेला ऐकू आला की मला रडू येतं. दुसऱ्या कशानं येत नाही.

अंगात थोडा जीव आल्यावर मी दुकानात गेले. घरी एकाच्या कमाईत यंत्राचा दिवस आणि चुलीचा दिवस दोन्ही बसत नव्हते. मला काम हवं होतं, एक दिवसाआड, बसून करायचं. जाताना मी मनाशी ठरवलं होतं की तळघरसुद्धा चालेल. ज्या तळघराच्या भीतीनं मी हात पुढे करत राहिले, ते आता मागून घ्यायला निघाले होते.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी पेल्याकडे बघितलं आणि तो बाजूला सरकवला.

"तळघर तुम्हाला कसं जमेल ताई?" ते म्हणाले. "बादल्या उचलायच्या. तुम्हाला तर वजन नको."

"मग काउंटर द्या. मला विकता येतं. इतकी वर्षं विकलंय."

"तेच म्हणतोय." त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. त्यावर टाक्यांचे वण होते, फुगवटा होता, कातडीखालची थरथर दिसत होती. त्यांनी चटकन नजर काढून घेतली. किळस आली होती त्यांना. "तुम्ही गेल्यापासून पुन्हा बोळा सुरू केलाय, पण लोक हुंगतात हो. आणि न पुसता मैनाच्या हातावर काही केल्या लाल येत नाही. अवघड झालंय." मग ते थोडे पुढे झुकले, आवाज मऊ केला. "ताई, विचारू का एक? उजवा चालेल का?"

मी ऐकलं. मला वाटलं होतं की असं काही कानावर आलं तर मी पेला उचलून फेकीन. पेला जवळच होता. पण मी त्या पेल्यातल्या पाण्याकडेच बघत राहिले, आणि म्हणाले, "चालेल."

स्टूल तिथंच होतं. मैनानं मला बघितलं आणि मिठी मारायला पुढे झाली, मग डावा हात आठवून थबकली. साहेबांनी तिला पेन आणायला सांगितलं.

"मी नाही टेकवणार," ती म्हणाली. "साहेब, मी नाही."

"मैना, टेकव," मी म्हणाले. "मला बसून काम हवंय."

तिनं टेकवलं. पहिल्या वेळी तिनं चकती नीट दाबलीच नाही, म्हणून टुक झालं नाही. समोर तोवर चार बायका जमल्या होत्या, त्यांच्यातली एक म्हातारी, चांगल्या चेहऱ्याची, काठी टेकत आलेली. साहेब मोठ्यानं सांगत होते, पुसलेलं नाही, लावलेलं नाही, हुंगून बघा. टुक. लाल. बायका हळहळल्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसलं.

म्हातारीनं काठी काउंटरला टेकून ठेवली आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे गार आणि मऊ होते. माझे ओठ फुटलेले तिला दिसले असावेत.

"किती गं ही कोरड," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तिच्या डोळ्यांत माया होती. "बाळा, पाणी पीत जा ना भरपूर. पाण्याला काय कष्ट पडतात?"

"पिते ना आजी," मी म्हणाले, आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी क्रीमची बरणी तिच्याकडे सरकवली.